एटीआरचा ट्रेलिंग स्टॉप सारखा लागतोय? मल्टिप्लायरला हात लावण्याआधी हे तपासा

तक्रार सगळ्यांची एकच असते. शेअर घेतला, चांगला वर गेला, एटीआरवर (शेअर दिवसाला साधारण किती हलतो त्याची सरासरी) ट्रेलिंग स्टॉप, म्हणजे भाव वर जाईल तसा मागोमाग वर सरकणारा विक्रीचा भाव, लावलेला होता, एक दिवस झटका आला, स्टॉपलॉस हिट, आणि दोन-चार दिवसांत तोच शेअर नवीन हायला. मग आपण काय करतो, तर मल्टिप्लायर, म्हणजे स्टॉप एटीआरच्या किती पट खाली ठेवायचा तो आकडा, २ चा ३ करतो. पुढच्या वेळी शेअर खरंच पडतो, ३ मुळे निम्मा नफा परत जातो, मग परत २. मी सव्वा वर्ष हेच करत होतो, आणि दर वेळी वाटायचं की या वेळी नंबर बरोबर सापडला.

मग एका रविवारी मागचे सगळे एक्झिट वहीत उतरवले. प्रत्येकासमोर त्या दिवशीचा एटीआर किती होता, स्टॉप कशापासून मोजला, ऑर्डर कुठल्या प्रकारची होती आणि शेवटी प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं हे लिहिलं. संध्याकाळपर्यंत जे दिसलं त्याने मी गप्पच झालो. मल्टिप्लायर चुकल्यामुळे गेलेले सौदे थोडेच होते. बाकी ठिकाणी कुठे एटीआरच चुकीचा मोजला होता, कुठे स्टॉप आपोआप खाली सरकला होता, कुठे ऑर्डरच धड बसली नव्हती. म्हणजे बिघाड वेगळाच होता आणि मी पाना भलत्याच नटाला लावत होतो. हे लिहितोय ते त्यासाठीच, कारण पगारातून बाजूला काढलेल्या पैशावर लोक हे करतात आणि यातल्या निम्म्या चुका एका संध्याकाळी दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

आधी मोजमाप. एटीआर म्हणजे अॅव्हरेज ट्रू रेंज, १९७८ साली वेल्स वाइल्डर यांनी मांडला, आरएसआय आणि पॅराबोलिक एसएआर हे इंडिकेटर पण त्याच माणसाचे. रोजची ट्रू रेंज काढायची, म्हणजे आजचा हाय वजा लो, आजचा हाय आणि कालचा क्लोज यातलं अंतर, आजचा लो आणि कालचा क्लोज यातलं अंतर, या तिन्हीत जे मोठं ते. मग त्याची १४ दिवसांची सरासरी. हे कालच्या क्लोजचं प्रकरण का महत्त्वाचं ते ३ जून २०२४ च्या निफ्टीवरून कळतं. एक्झिट पोलनंतरचा सोमवार, शुक्रवारचा क्लोज २२,५३० च्या आसपास आणि बाजार उघडलाच २३,३०० च्या वर. दिवसभरातला हाय ते लो फरक पावणेतीनशे पॉइंटच्या आसपास, पण ट्रू रेंज ८०० च्या वर. ज्याने नुसता हाय वजा लो धरला त्याच्या हिशोबात तो दिवस शांत होता! दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळपास ६ टक्के पडून २१,८८४ ला बंद झाला आणि त्या दिवशीची ट्रू रेंज दोन हजाराच्या जवळ.

आता पहिली गडबड सरासरीची. वाइल्डरची सरासरी साधी नाही, ती कालच्या एटीआरला १३ ने गुणून त्यात आजची ट्रू रेंज मिळवायची आणि १४ ने भागायची अशी चालते. चार्टिंगच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हीच असते. पण एक्सेलवाले बहुतेक जण सरळ १४ दिवसांचा अॅव्हरेज टाकतात, आणि मग मोबाइलवर एटीआर १८ दिसतो, एक्सेलमध्ये २१, आणि माणूस दोन्हीपैकी सोयीचा उचलतो. कुठलाही घ्या पण एकच घ्या. आणि वाइल्डरची घेतली तर मागचा डेटा भरपूर लागतो, २८ दिवसांनंतर सुद्धा पहिल्या आकड्याचा आठवा भाग आत शिल्लक असतो, त्यामुळे दीड महिन्याचा डेटा टाकून काढलेला एटीआर चार्टशी जुळणार नाही. मी किमान दीडशे दिवस मागून सुरू करतो.

हायकिन आशी कँडल (चार्टवर भाव दाखवणाऱ्या पट्ट्यांचा एक प्रकार) चालू ठेवून एटीआर लावणाऱ्यांनी ते आधी बंद करा. त्या कँडल स्वतःच सरासरीच्या असतात, त्यावरची रेंज बाजारातली नाही.

दुसरी गडबड, आणि हिच्याकडे फार कमी लोक बघतात, ती म्हणजे ३ चा अर्थ सगळीकडे एक नाही. शँडेलियर एक्झिट हा एटीआरच्या ट्रेलिंग स्टॉपचा एक प्रकार, चक लेबो यांचा, तो मागच्या २२ दिवसांच्या सगळ्यात वरच्या हायपासून ३ एटीआर खाली मोजतात. आपल्याकडे सगळ्यांच्या चार्टवर असणारा दुसरा प्रकार, सुपरट्रेंड, ऑलिव्हिए सेबान या फ्रेंच ट्रेडरचा, तो कँडलच्या मध्यापासून मोजतो, म्हणजे हाय आणि लो यांची सरासरी, त्यातून ३ एटीआर वजा. म्हणजे त्याच ३ ला सुपरट्रेंडची लाइन लांब पडते, साधारण दिवस असेल तर अर्धा एटीआर तरी. त्यात पिरियड, म्हणजे किती कँडलचा एटीआर, तो पण वेगळा, कुठे ७ तर कुठे १०. मग एखादा मित्र सांगतो की मी ३ वापरतो आणि मला काही त्रास होत नाही, तो सुपरट्रेंडवर असतो आणि तुम्ही हायपासून मोजत असता. दोघंही खरं बोलताय, फक्त तीन वेगळे आहेत.

कशापासून मोजायचं यावर माझं मत असं की लार्जकॅपला (मोठ्या कंपन्यांच्या शेअरला) हायपासून मोजलं तरी चालतं, पण ज्या शेअरमध्ये दिवसाला थोडीच उलाढाल आहे तिथे सगळ्यात वरच्या क्लोजपासून मोजा. असल्या शेअरमध्ये एखाद्या दिवशी सकाळी सव्वानऊला एकच मोठी ऑर्डर येते, १५ रुपयांची शेपटी वर निघते आणि शेअर जागेवर परत. ती शेपटी तुमचा स्टॉप १५ रुपयांनी वर ओढून ठेवते आणि मग साधा श्वास घेतला तरी लागतो. वाइल्डर स्वतः पण त्यांच्या व्होलॅटिलिटीच्या पद्धतीत क्लोजपासूनच मोजायचे.

आता जी चूक मला सगळ्यात महाग पडली ती. स्टॉप खाली सरकणं.

एक ऑटो पार्ट्सची मिडकॅप कंपनी, ६१२ ला घेतली होती, १२० शेअर. ७०४ चा हाय लागला, एटीआर तेव्हा १५, मी ३ पट धरत होतो, म्हणजे ४५, स्टॉप ६५९. नियम क्लोजचा होता, दिवस संपताना ६५९ च्या खाली बंद होत असेल तर तेव्हाच बाहेर. मग शेअर पडायला लागला. पहिल्या दिवशी ट्रू रेंज २८, क्लोज ६८१. दुसऱ्या दिवशी रेंज ३१, क्लोज ६६४. तिसऱ्या दिवशी रेंज ३४, क्लोज ६५२. आता ६५९ च्या खाली बंद झालाय, बाहेर पडायला हवं, बरोबर? पण माझी एक्सेल शीट काय दाखवत होती ते बघा. शेअर पडत होता म्हणून रेंज वाढत होती, रेंज वाढली म्हणून एटीआर १५ चा १५.९ झाला, मग १७, मग १८.२, आणि हाय तर तोच ७०४, त्यामुळे शीटमधला स्टॉप ६५९ वरून ६५६, ६५३ आणि तिसऱ्या दिवशी ६४९ वर गेला होता. ६५२ ला क्लोज झाला तेव्हा शीट म्हणत होती, अजून स्टॉप लागलेला नाही. मी ऐकलं. चौथ्या दिवशी शेअर उघडलाच ६३१ ला.

म्हणजे ज्या पडझडीपासून वाचायचं, तीच पडझड स्टॉपला खाली ढकलत होती. प्रति शेअर २१ रुपये, १२० शेअरचे अडीच हजार, आणि रकमेपेक्षा जास्त लागलं ते हे की मी नियम पाळत होतो आणि तरी चुकलो. उपाय साधा आहे, पण शीटमध्ये मुद्दाम घालावा लागतो. आजचा स्टॉप म्हणजे आजचा हिशोब आणि कालचा स्टॉप, या दोन्हीत जो वरचा तो. एक मॅक्स फॉर्म्युला, बस. सुपरट्रेंडमध्ये हे आत आधीच बसवलेलं असतं म्हणून तिथे हा त्रास होत नाही, पण शँडेलियर जसाच्या तसा काढला तर लाइन खाली येते, आणि हाताने एक्सेल करणाऱ्या बहुतेकांच्या शीटमध्ये हा मॅक्स नसतो. आज जाऊन बघा तुमच्यात आहे का.

याच्याच जवळचा अजून एक प्रकार म्हणजे चालू कँडलचा एटीआर वापरणं. दुपारी एक वाजता चार्ट बघता तेव्हा आजची रेंज अजून बनतेय, म्हणजे एटीआर पण अजून हलतोय आणि स्टॉपची लाइन पण. सकाळी स्टॉप ४३२, दुपारी ४२९, शेवटी ४२७. मी आता संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर एकदाच आकडा काढतो आणि उद्या दिवसभर तोच चालतो, मध्ये कितीही वादळ आलं तरी. क्लोजबद्दल पण एक लक्षात ठेवा, एनएसईचा अधिकृत क्लोज म्हणजे साडेतीनला दिसलेला शेवटचा भाव नसतो, शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची वजनी सरासरी असते. साडेतीनला स्क्रीनवर स्टॉपच्या ५० पैसे खाली दिसला म्हणून रात्री झोप उडवून घेऊ नका, अधिकृत आकडा येऊ द्या.

मोठ्या धक्क्यानंतर काय होतं ते पण नीट समजून घेण्यासारखं आहे. वरचं जून २०२४ चंच उदाहरण पुढे नेऊ. समजा निफ्टीचा एटीआर त्याआधी २५० होता असं धरलं. ३ जूनच्या ८०८ ने तो २९० झाला, ४ जूनच्या जवळपास दोन हजाराने ४१० च्या वर गेला. दोन दिवसांत तिप्पट एटीआरचं अंतर ७५० वरून १,२३० वर. आणि निफ्टी तर ७ जूनला परत २३,२९० ला बंद झाला, म्हणजे बाजार तीन सत्रांत सावरला, एटीआर मात्र सावरला नाही. वाइल्डरच्या सरासरीत एखाद्या धक्क्याचा परिणाम निम्मा व्हायला साधारण नऊ-दहा सत्रं लागतात, म्हणजे दोन आठवडे. या दोन आठवड्यांत तुम्ही नवीन सौदा घेतला तर स्टॉप उगाच लांब पडतो, आणि एवढा लांब स्टॉप बघून माणूस काय करतो, हाताने तो जवळ आणतो, म्हणजे सगळा नियमच गेला.

मी अशा वेळी नव्या सौद्यासाठी सरासरीऐवजी मधला आकडा घेतो, मीडियन. मागच्या १४ दिवसांच्या ट्रू रेंज लहानापासून मोठ्यापर्यंत लावायच्या आणि मधल्या दोनची सरासरी. एखादा राक्षसी दिवस असला तरी तो एका टोकाला एकच जागा अडवतो. एक्सेलमध्ये तयार फॉर्म्युला आहे, काही कष्ट नाहीत. जुन्या सौद्यांना मात्र हात लावत नाही, त्यांचा स्टॉप वर मॅक्सने धरून ठेवलेला असतोच.

उलटा प्रकार पण होतो. दिवाळीतल्या मुहूर्ताच्या एका तासाच्या सत्राची कँडल, किंवा २०२४ मध्ये २ मार्च आणि १८ मेच्या शनिवारी झालेली छोटी खास सत्रं, या चिमुकल्या कँडल एटीआर थोडा खाली आणतात. फरक मोठा नसतो, पण शीट हाताने भरत असाल तर हे दिवस मी सरळ गाळतो.

बोनस आणि डीमर्जर (कंपनीचा एक भाग वेगळी कंपनी होणं) मात्र मोठे खड्डे आहेत. रिलायन्सचा एकास एक बोनस, २८ ऑक्टोबर २०२४ ला शेअर एक्स-बोनस झाला, सव्वीसशेच्या वरचा भाव तेराशेच्या घरात. चार्ट मागचे सगळे भाव निम्मे करून दाखवतो म्हणून तिथे काही कळत नाही, पण तुमची शीट रोजच्या भावाने भरलेली असेल तर तिला वाटतं शेअर एका दिवसात तेराशे रुपये पडला. ४५ चा एटीआर एका फटक्यात १३७ च्या आसपास. आणि स्टॉप जुन्या भावाचा, तो तर केव्हाच लागलेला. २० जुलै २०२३ ला जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा पण तेच, खास सत्रात तिची किंमत २६१ रुपये ८५ पैसे ठरली आणि तेवढा तुकडा रिलायन्सच्या भावातून बाहेर पडला, ती काही पडझड नव्हती. अशा दिवशी मागचे भाव स्वतः दुरुस्त करा, स्टॉप पण त्याच प्रमाणात. आणि ब्रोकरकडे लावलेला जीटीटी, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप ऑर्डर पाठवणारी सोय, तो तपासा, बऱ्याच ठिकाणी अशा वेळी तो आपोआप रद्द होतो आणि परत लावायचं काम आपलं असतं.

इंट्राडेवाल्यांसाठी एकच गोष्ट सांगतो पण ती नीट वाचा. पाच मिनिटांच्या चार्टवर सव्वानऊच्या पहिल्या कँडलची ट्रू रेंज कालच्या साडेतीनच्या क्लोजपासून मोजली जाते, म्हणजे रात्रीचा सगळा गॅप तिच्यात येतो. समजा बँक निफ्टीचा पाच मिनिटांचा एटीआर काल संध्याकाळी ३५ होता आणि आज पहिल्या कँडलची ट्रू रेंज २३० आली. एटीआर लगेच ४९. हे वाइल्डरच्या सरासरीने. साधी सरासरी असेल तर अजून गंमत, तो २३० चौदा कँडल आत बसून राहतो, म्हणजे सत्तर मिनिटं, आणि पंधरावी कँडल साडेदहाला बंद झाली की एकदम बाहेर पडतो. त्या क्षणी एटीआर १४ पॉइंटने खाली आणि तुमचा तिपटीचा स्टॉप एका झटक्यात ४० पॉइंट वर. भाव हललेला नाही, कुठली बातमी नाही, स्टॉपनेच भावाला जाऊन धडक मारली. एका मित्राला खूप दिवस वाटत होतं की साडेदहाला कोणीतरी मुद्दाम स्टॉप खातं, त्याचे एक्झिट वेळेनुसार लावले तेव्हा हे सापडलं. पहिली कँडल हिशोबातून गाळा, किंवा तिच्यापुरता नुसता हाय वजा लो धरा.

आता ऑर्डरकडे येतो, कारण हिशोब अगदी चोख असूनही पैसे इथे जातात.

माझा मावसभाऊ इचलकरंजीत आहे, स्वतःचे माग आहेत, दिवसभर त्या आवाजात फोन ऐकू येत नाही म्हणून त्याला मीच सांगितलं होतं की जीटीटी लाव, तुला बघत बसायला नको. एक दिवस दुपारी त्याचा फोन आला, "दादा, स्टॉप ट्रिगर झाल्याचा मेसेज आलाय की, मग शेअर अजून होल्डिंगमध्ये कसा काय दिसालाय?" मी म्हटलं ऑर्डर बुक उघड आणि स्क्रीनशॉट पाठव. सकाळी ९ वाजून २२ मिनिटांनी जीटीटी ट्रिगर झालेला, त्याच सेकंदाला विक्रीची ऑर्डर गेलेली, आणि समोर लाल अक्षरात रिजेक्टेड. कारण काय, तर होल्डिंग विकायला त्या दिवशीचं टीपिन (डीमॅट खात्याचा पिन) आणि ओटीपीचं ऑथरायझेशन झालेलं नव्हतं. तो मागापाशी, फोन शर्टाच्या खिशात. शेअर तोपर्यंत अजून चार टक्के खाली. मला फार वाईट वाटलं कारण लाव म्हणून सांगणारा मीच, आणि ही गोष्ट सांगायची राहून गेली होती.

तर हे आधी करा. डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर आपल्या डीमॅटमधून काढून घ्यायची ब्रोकरला दिलेली परवानगी, दिलेलं आहे का बघा. ते एकदा सही करून दिलं की विक्रीच्या वेळी रोज टीपिन टाकायला लागत नाही. ते नसेल तर होल्डिंगवरचा जीटीटी म्हणजे फक्त आठवण, ऑर्डर होईलच असं नाही.

मग लिमिटचा प्रश्न. जीटीटी ट्रिगर झाला की साधारणपणे लिमिट ऑर्डर जाते. ट्रिगर ६५९, लिमिट ६५८ असं चिकटून लावलं आणि शेअर सकाळी ६३१ ला उघडला, तर तुमची ६५८ ची विक्री दिवसभर वर लटकत राहणार, घेणारा कोण? लोक लिमिट जवळ ठेवतात कारण त्यांना वाटतं लिमिट खाली ठेवली तर त्या खालच्या भावालाच विकलं जाईल. तसं होत नाही. विक्रीची लिमिट म्हणजे याच्या खाली विकू नका एवढंच, त्या वेळी समोर जो चांगल्यात चांगला भाव असेल त्याला सौदा होतो. ट्रिगर ६५९ आणि लिमिट ६२५ ठेवली आणि बाजारात ६५८ चा घेणारा उभा असेल तर ६५८ लाच जाणार. मी लिमिट ट्रिगरच्या एक एटीआर तरी खाली ठेवतो, उलाढाल कमी असलेल्या शेअरमध्ये दोन. ऑप्शनमध्ये तर २०२१ पासून एनएसईने एसएल-मार्केट ऑर्डरच (ट्रिगर लागला की मिळेल त्या भावाला जाणारी) बंद केली आहे, तिथे सगळ्यांना हे लिमिटचं अंतर ठरवावंच लागतं आणि प्रीमियम (ऑप्शनचा भाव) धावतो तेव्हा दोन रुपयांचं अंतर काहीच नसतं.

टिक साइज, म्हणजे भाव कमीत कमी किती पैशांच्या पटीत टाकता येतो, ती पण बघा. एप्रिल २०२५ पासून भावाच्या टप्प्याप्रमाणे टिक बदलला आहे, हजाराच्या वरच्या शेअरला आता १० पैशांचा टिक, पाच ते दहा हजारांच्या मधल्याला ५० पैशांचा. एक्सेलमधून आलेला १,२४३.६५ तसाच टाकला की ऑर्डर रिजेक्ट. शीटमध्येच राउंड करून घ्या.

आणि जे शेअर ५ किंवा १० टक्क्यांच्या सर्किटमध्ये (दिवसात भाव किती हलू शकतो त्याची मर्यादा) असतात तिथे एटीआरचा स्टॉप कागदावरच राहतो याची मनाची तयारी करून ठेवा. लोअर सर्किटला घेणारा नसतो. त्याला मल्टिप्लायरने, लिमिटने, कशानेच उत्तर नाही, तिथे उत्तर एकच की मुळात पैसे कमी लावायचे.

हे सगळं तपासून झालं आणि तरी स्टॉप वारंवार लागतोय, तर मग आणि तेव्हाच मल्टिप्लायर. एक साधी गोष्ट आधी मनात बसवा. एटीआर म्हणजे एका सर्वसाधारण दिवसाची रेंज. म्हणजे हायपासून एक एटीआर खाली स्टॉप ठेवला तर अगदी रोजच्यासारखा दिवस सुद्धा त्याला उडवणार, दीड ठेवला तर जरा वाईट दिवस. डेली चार्टवर आठवडे-महिने धरायचा विचार असेल तर दोनच्या आतला आकडा मला पटत नाही, लोक काहीही म्हणोत.

नेमका किती, तर तो दुसऱ्याकडून घेऊ नका. तुम्ही ज्या प्रकारचे शेअर घेता त्यांच्या मागच्या वीस चांगल्या तेज्या चार्टवर काढा, आणि प्रत्येक तेजी चालू असताना वरच्या क्लोजपासून शेअर जास्तीत जास्त किती खाली आला होता ते मोजा, पण रुपयांत नाही, त्या वेळच्या एटीआरच्या पटीत. एक १.८ येईल, एक २.३, एक २.६, एखादी ३.७. वीस आकडे ओळीने लिहिले की दिसतं बहुतेक कुठे थांबतात. माझ्या मिडकॅपच्या यादीत बरेचसे पावणेतीनच्या आत होते म्हणून मी ३ वर थांबलो, क्लोजपासून. लार्जकॅप बँकांना अडीच पुरतं असं दिसलं. टोकाचा ३.७ पकडायला जाऊ नका, त्या एकासाठी बाकी एकोणिसांमध्ये नफा जास्त परत द्यावा लागतो.

स्टॉप लांब केला की क्वांटिटी कमी झालीच पाहिजे, हा भाग लोक गाळतात आणि मग म्हणतात ३ परवडत नाही. एका सौद्यात २,००० रुपयेच जाऊ द्यायचे असं ठरवलंय, एटीआर १८. दोनपट स्टॉप म्हणजे ३६ रुपये, ५५ शेअर येतात. तीनपट म्हणजे ५४ रुपये, ३७ शेअर. नुकसान दोन्हीत तेवढंच, फक्त दुसऱ्यात शेअरला हलायला जागा आहे. ५५ च ठेवून ३ केला तर एका झटक्यात जवळपास तीन हजार जातात, मग हात थरथरतो, मग आपण स्टॉप मध्येच काढून टाकतो किंवा घाबरून आधीच विकतो. मी दोन्ही केलेलं आहे.

शेवटचा एक नियम, तो घातल्यापासून मला स्टॉप लागल्याचं पहिल्यासारखं वाईट वाटत नाही. स्टॉप लागून बाहेर पडलो की शेअर यादीतून काढत नाही, त्याच्यासमोर जुना वरचा क्लोज लिहून ठेवतो आणि वीस सत्रं बघतो. तेवढ्यात त्या आकड्याच्या वर बंद झाला तर दुसऱ्या दिवशी परत घेतो, नवीन एटीआर, नवीन क्वांटिटी, जुन्या भावाकडे न बघता. तो ऑटो पार्ट्सवाला ७०४ च्या जवळ परत आलाच नाही. पण त्याच महिन्यात एका फार्माचा स्टॉप ४१८ ला लागला होता, अकराव्या सत्राला जुन्या क्लोजच्या वर ४४६ ला बंद झाला, ४४९ ला परत घेतला, अजून आहे माझ्याकडे, काल संध्याकाळी स्टॉप ५०२ वर आणलाय.